आमचा संगणक पळतो का?

"प्रश्न दोनदा वाचा, मगच उत्तर लिहा," हे वाक्य मी मास्तरकीच्या काळात इतक्यांदा म्हटलं आहे, की आमच्या खापर गावच्या बाजारात मला पाहिलं तरी मिशीवाले बाप्ये ते तोंडपाठ म्हणून दाखवतात. त्यामुळे अंकलेश्वरहून आलेल्या फोनवर मी प्रश्न एकदाही न समजता उत्तर देऊन टाकलं, ही गोष्ट गावात फार पसरू नये अशी माझी इच्छा होती. ती पसरली.

फोन गायत्रीचा होता. गायत्री म्हणजे माझी नात, मुलीची मुलगी, यंदा पाचवीतून सहावीत गेलेली. ती म्हणाली, "नाना, तुमच्या कॉम्प्युटरवर आमची कन्सोलची गेम चालेल का?"

"चालेल म्हणजे?" मी म्हणालो. "पळेल!"

"नक्की? इम्युलेटर टाकावा लागतो."

"टाकू की. त्यात काय एवढं?" इम्युलेटर ही वस्तू चौकातल्या एखाद्या दुकानात मिळत असावी, अशी माझी समजूत होती.

"मग मी येते. आख्खी सुट्टी राहते."

आता यातली मेख सांगतो. तिच्या घरी टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा आहे, पण तो तिच्या दोन मोठ्या चुलतभावांच्या ताब्यात. त्यावर मोटारींच्या शर्यतीचा एक खेळ आहे आणि त्यात ही दरवेळी हरते. हरते म्हणजे पहिल्याच वळणावर भिंतीला धडकते. भावांनी तिचं नाव 'भिंत' ठेवलं होतं. जेवायला बोलावतानासुद्धा 'भिंतीला हाक मारा' म्हणत. तिला कोणी बघणार नाही अशा जागी सराव करायचा होता, आणि अशी जागा म्हणजे आमचं घर. पण खेळ चालला नाही, तर इथे राहून उपयोग काय? म्हणून तिने व्यवस्था करून ठेवली होती. तिचा काका योगेंद्र शहाद्याला लग्नघरी निघाला होता, तो जाताना तिला सोडणार. आणि पुढच्या रविवारी परतताना, खेळ चालत नसेल तर, घेऊन जाणार.

माझ्या पत्नीने, गजराबाईने, या सगळ्यातले 'आख्खी सुट्टी' एवढेच दोन शब्द ऐकले आणि कुरडयांसाठी गहू भिजत घातले. नात आजवर आमच्याकडे कधी तीन मुक्कामांच्या वर राहिली नव्हती. मीही मनातल्या मनात वेळापत्रक आखून टाकलं. सकाळी अपूर्णांक, दुपारी वाचन, संध्याकाळी तारे. मुलं शिकवायला मिळाली नाहीत की माझं पोट दुखतं, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

गायत्री आली ती खांद्यावर पिशवी, हातात खेळायचा कंट्रोलर आणि गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून. तिच्या बाबांनी घरच्या डिस्कवरून खेळ त्यात उतरवून दिला होता. हातपाय धुण्याआधीच तिने आमचा संगणक सुरू केला. हा संगणक मी निवृत्तीनंतर मुलांसाठी स्वाध्याय छापायला घेतला होता आणि त्याने कधी तक्रारीला जागा दिली नव्हती. पाढे तो उत्तम छापतो.

खेळ सुरू झाला. पडद्यावर लाल मोटार उभी राहिली. निवेदक 'थ्री' म्हणाला, पण तो भूल उतरत असलेल्या माणसासारखा. 'टू' यायला इतका वेळ लागला, की गजराबाई चहा ठेवून आली. मग मोटार निघाली. उसाने भरलेली बैलगाडी चढावर जाते, तशी ती निघाली. इंजिनाच्या आवाजाच्या जागी म्हैस हंबरत होती.

"नाना," गायत्री म्हणाली, "आ तो बहु धीमुं छे."

पडद्याच्या कोपऱ्यात एक टक्केवारी दिसत होती. शंभर म्हणजे खऱ्या डब्याचा वेग. आमची टक्केवारी चाळीसच्या आसपास रेंगाळत होती. मला ती पाहून सुरुवातीला वाईट वाटलं नाही. आमच्या पेशात पस्तीसला पास करतात.

"चालेल," गायत्री म्हणाली.

मुलांचं 'चालेल' मी ओळखतो. वर्गात चित्रकलेचा तास रद्द केला की मुलं म्हणतात ते 'चालेल'. माझा शब्द गेला होता, आणि रविवारी त्याच्या मागोमाग नातही जाणार होती.

संध्याकाळी ओट्यावर हा विषय निघाला. मी काढला नाही. म्हशीचा आवाज शेजारी गेला होता. उदेसिंग आला. उदेसिंग म्हणजे निवृत्त वायरमन. जगातल्या कोणत्याही दुःखाचं मूळ व्होल्टेजमध्ये आहे, हे त्याचं तत्त्वज्ञान. मागे एकाच्या सुनेशी सासूचं पटेना, तेव्हा त्याने त्यांच्या घराचं अर्थिंग तपासलं होतं.

"गुरुजी, यंत्रमा काही खोट नही शे," तो म्हणाला. "खोट लाइनमा शे. यंत्रले दाना-पानी पुरं भेटी नही ऱ्हायनं."

त्याने आमच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून संगणकाला लावला. टक्केवारी हलली नाही. फ्रिजमधलं दूध मात्र हललं, आणि सकाळी त्याचं जे झालं होतं ते गजराबाईने मला वाटीत घालून दाखवलं. उदेसिंग खचला नाही. तो म्हणाला, रोहित्रावरच भार जास्त आहे, अर्ज करा. मी तालुक्याच्या गावी वीज कचेरीत जाऊन अर्ज केला. किंवा करायला गेलो, असं म्हणू.

खिडकीमागचा कारकून नम्र होता. त्याने विचारलं, "तक्रारीचं कारण काय लिहू, गुरुजी?"

"कमी दाबामुळे नातीचा खेळ पळत नाही."

त्याने पेन खाली ठेवलं. "खेळ असं लिहिलं तर वरचे लोक विचारतील, खेळाचा धंदा आहे का. मग वापर घरगुती धरायचा की व्यावसायिक? त्यापेक्षा पंखा फिरत नाही असं लिहू."

"पंखा फिरतो."

"मग कूलर."

"तोही चालतो."

"दिवे मंद?"

"चांगले लख्ख आहेत."

त्याने अर्ज माझ्याकडे परत सरकवला. "मग गुरुजी, तुमची तक्रार नेमकी काय आहे?"

खोटं लिहिणं माझ्याने होणार नव्हतं आणि खरं लिहिणं त्याच्याने. मी अर्ज घडी करून खिशात घातला आणि ताठ मानेने बाहेर पडलो. ताठ मान ही अशी गोष्ट आहे की ती बघायला कोणी नसतं तेव्हाच जमते. रांगेत मात्र बरेच जण होते, आणि त्यांनी 'खेळ', 'धंदा' आणि 'गुरुजी' हे तीन शब्द ऐकून आपापल्या गावी नेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर फाटकाशी मुलांची रांग. कोणी चिल्लर मुठीत धरून, कोणी धाकट्या भावंडाला काखोटीला मारून. खापरमध्ये गुरुजींनी व्हिडिओ गेमचं दुकान काढलं, अशी बातमी होती. माझ्या हाताखाली शिकलेला एक शेतकरी मोटरसायकल थांबवून म्हणाला, "गुरुजी, माजी विद्यार्थ्यांच्या पोरांना काही सवलत?" दुपारी ग्रामपंचायतीचा शिपाई पाणी प्यायच्या निमित्ताने आला आणि भांडं खाली ठेवताना म्हणाला, "परवाना काढला असेलच म्हना तुम्ही." मी त्याला तहान नसताना दुसरं भांडं प्यायला लावलं.

मुलांना मात्र मी परत पाठवू शकलो नाही. मुलं दारात आली आणि मी दार लावलं, असं माझ्या हातून झालेलं नाही. त्यांना आत घेतलं, सतरंजी टाकली आणि संगणक हळू का चालतो हा विषय शिकवायला घेतला. त्यासाठी आधी इम्युलेटर म्हणजे काय ते गायत्रीकडून समजून घ्यावं लागलं. ती म्हणाली, हा कॉम्प्युटर आहे, पण तो गेमला सांगतो की मीच तुझा डबा आहे. तो डब्याची नक्कल करतो.

"म्हणजे सोंग!" मी म्हणालो, आणि मुलांचे डोळे लकाकले. सोंगाड्या पार्टी सगळ्यांनी पाहिलेली. राणीचं सोंग घेणारा गडी आठवा, मी म्हणालो. खरी राणी नुसती बसली तरी राणीच असते. या गड्याला मात्र लुगडं सावरायचं, मिशी पदराआड ठेवायची, चाल राणीची ठेवायची आणि वर ढोलक चुकू द्यायचं नाही. तो आधी दमणार की राणी?

"गडी!" सगळे ओरडले. धडा उत्तम झाला. संगणक तेवढाच मंद राहिला.

मग उदेसिंगला नवं कारण सापडलं. उष्णता. मे महिन्यात खापरला माणूस पळत नाही, यंत्र कसं पळेल? त्याने आमच्या ओसरीतला कूलर उचलून संगणकासमोर आणला. घरात कूलर एकच. संगणकाचा बाजूचा पत्रा काढून त्याच्या पोटात गार वारा सोडला, आणि आम्ही सगळे भिंतीला टेकून घाम पुसत टक्केवारीकडे बघत बसलो. ती एकाने वाढली. उदेसिंगने आमच्या सगळ्यांकडे असं पाहिलं, जणू तो एक त्याने घरून आणला होता.

गजराबाई दारात उभी होती. "मानसं घाममा भिजी ऱ्हायनात," ती म्हणाली, "आनी थंडी हवा त्या डब्बाले!"

मी तिला प्रमाण मराठीत समजावून सांगितलं की हा तात्पुरता उपाय आहे. मी घरातसुद्धा प्रमाण मराठीत समजावतो, ही तिची लग्नापासूनची तक्रार आहे. त्यातच कूलरच्या दमट हवेने खाटेवर वाळत घातलेल्या कुरडया पुन्हा मऊ पडल्या. त्यानंतर दोन जेवणं आमच्यात संभाषण गायत्रीमार्फत झालं. "नाना, नानी विचारते भाजी वाढू का," वगैरे. गायत्री घरी गुजरातीत विचार करते आणि आमच्याशी मराठीत बोलते, त्यामुळे निरोप पोहोचायला जरा वेळ लागे, आणि राग तेवढा शिळा होऊन पोहोचे.

या मधल्या काळात गायत्री काय करत होती? खेळत होती. दुसरं काय करणार? म्हैस हंबरायची, मोटार रांगायची, आणि ती मांडी घालून कंट्रोलर घेऊन बसलेली असायची. आम्ही तिच्याकडे पाहिलं नाही. आम्ही टक्केवारीकडे पाहत होतो.

गुरुवारी धुडकू अप्पा आले. धुडकू अप्पा म्हणजे बैलांचे दलाल. पंचक्रोशीत त्यांच्या शब्दाशिवाय गोऱ्हा खुंट बदलत नाही. ते खाटेवर बसले नाहीत. सरळ संगणकापाशी गेले, उघड्या कुशीतून आत डोकावले, पंख्यावर फुंकर मारली, तारा बोटाने बाजूला करून पाहिल्या आणि मागे जाऊनही पाहिलं. मग पाठीवर थाप मारली. संगणकाच्या.

"वय काय याचं?"

मी वय सांगितलं.

"गुरुजी, जनावर जुनं शे, पन हाड चांगलं शे," ते म्हणाले. "एकलं कितलं ओढी? याले जोडीदार पाहिजे."

हे ऐकून गायत्री म्हणाली की तिच्या मोठ्या भावाच्या कॉम्प्युटरमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, आणि ते असलं की गेम जोरात चालते असं तो सांगतो. झालं. जोडीदाराचं नावही ठरलं. अप्पांनी फेटा बांधला आणि ते मला घेऊन अक्कलकुव्याला नवनीतच्या दुकानात गेले. नवनीत तरुण मुलगा, संगणक दुरुस्त करतो, दुकानात थंडगार एसी. त्याने दोन पंख्यांचं एक वापरलेलं कार्ड काढून दाखवलं. चांगलं थोराड होतं.

"चालवून दाखव," अप्पा म्हणाले.

नवनीतने ते दुकानातल्या संगणकात लावून एक खेळ सुरू केला. मोटारी झर्रकन पळाल्या.

"आसं सपाटीवर कोनबी पळी," अप्पा म्हणाले. "चढावर दाखव."

बैल घेताना त्याला गाडीला जुंपतात आणि चाकं बांधून ओढायला लावतात. नवनीतला हे माहीत नव्हतं, पण त्याने एकावेळी तीन खेळ सुरू केले. कार्डाचे पंखे घुमायला लागले. अप्पांनी त्यावर तळवा धरून ऊब पाहिली आणि माझ्याकडे वळून मान डोलावली. मग उपरणं काढून आपल्या हातावर टाकलं आणि नवनीतला म्हणाले, "हात घाल."

बैलबाजारात किंमत तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं धरून बोलतात. चारचौघांत भाव फुटत नाही. नवनीतने उपरण्याखाली हात घातला आणि अप्पांचा हात धरून आदराने हलवला.

"आरे भाऊ, मले राम राम नको करू. बोट धर!"

"कोणतं?"

"तुले कितला पाहिजेत तितला धर!"

नवनीत लाजून लाल झाला. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं मोबाइल खाली करून बघायला लागली. उपरण्याखाली बरीच हालचाल झाली. नवनीत एकदा 'आई गं' म्हणाला. शेवटी अप्पांनी उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि सौदा झाला असं जाहीर केलं. केवढ्याला, ते मला कळलं नाही, आणि नंतर कळलं की नवनीतलाही कळलं नव्हतं. पण अप्पांनी माल जांगड ठरवला होता. म्हणजे घरी नेऊन बघायचा, पसंतीला उतरला तर ठेवायचा, नाही तर परत. दलाल शहाणा असावा तो असा.

कार्ड घरी आलं. गजराबाईने त्याला हळदकुंकू लावायचं नाकारलं. उदेसिंगने ते बसवलं. सगळी मुलं सतरंजीवर. खेळ सुरू झाला.

"थ्रीऽऽऽऽ," निवेदक म्हणाला, आणि म्हैस हंबरली.

टक्केवारी जागची हलली नव्हती. कार्डाचे पंखे तर फिरतसुद्धा नव्हते. ते थोराड जनावर आत नुसतं बसून होतं.

"हाऊ बैल बसका निंघना!" अप्पा म्हणाले. जुंपल्यावर खाली बसणाऱ्या बैलाला बसका म्हणतात, आणि तो विकणाऱ्याला काय काय म्हणतात ते अप्पा पुढे फोनवर नवनीतला म्हणाले. शुक्रवारी संध्याकाळी नवनीत स्वतः मोटरसायकलवर आला. त्याने संगणकाकडे पाहिलं, खेळाकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"गुरुजी, हे इम्युलेटरचं काम आहे? यात कार्डावर भार फारसा येत नाही. सगळा भार प्रोसेसरवर. तुमचा प्रोसेसर दमलाय आणि कार्ड रिकामं बसलंय."

"म्हनजे जू एकाच खांदावर," अप्पा म्हणाले. बैलाच्या भाषेत आणल्यावर त्यांना लगेच पटलं.

"मग हे दुकानात का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"तुम्ही कशासाठी पाहिजे ते सांगितलंच नाही. आणि मला विचारायचं होतं, पण माझा हात अप्पांच्या उपरण्याखाली होता."

मुलांना प्रोसेसरवरच भार का, हे कळलं नाही. म्हणून मी पुन्हा समजावलं. खेळाचा प्रत्येक हुकूम डब्याच्या भाषेत लिहिलेला. आमच्या संगणकाला ती भाषा येत नाही. तो आधी हुकूम ऐकतो, आपल्या भाषेत उतरवतो, मग करतो. मी डोंगरातल्या शाळेवर होतो तेव्हा पावरी बोलणारी मुलं असंच करायची. मी मराठीत प्रश्न विचारला की ती आधी घरच्या बोलीत नेत, तिथे उत्तर काढत, मग मराठीत आणून देत. एवढी ये-जा करायची तर वेळ लागणारच. मी प्रश्न विचारून खिडकीबाहेर बघत राहायचो, म्हणजे त्यांना घाई वाटू नये.

"मग गुरुजी," सतरंजीवरची एक मुलगी म्हणाली, "आपण पण खिडकीबाहेर बघू ना."

पण तोवर नवनीतला दुकानात पडलेला दुसरा प्रोसेसर आठवला होता. आमच्याच संगणकात बसेल असा, जुनाच, पण चपळ. त्याने कार्ड परत घेतलं आणि शनिवारी दुपारी येऊन प्रोसेसर बदलून दिला. अप्पांनी या वेळी उपरणं काढलं तेव्हा नवनीतने दोन्ही हात खिशात घातले.

शनिवारी संध्याकाळी ओसरी भरली. उदेसिंग, अप्पा, सगळी मुलं, मुलांना बोलवायला आलेल्या आया, ग्रामपंचायतीचा तो तहानलेला शिपाई. गजराबाईही कुरडया तळून घेऊन आली. कूलर तिच्या बाजूला वळवलेला होता. मी थोडं प्रास्ताविक करणार होतो, पण मुलांनी करू दिलं नाही.

"थ्री-टू-वन!" निवेदक खणखणीत म्हणाला. म्हैस गेली होती. इंजिन गुरगुरलं. कोपऱ्यात शंभर. शंभर टक्के! माझ्या वर्गात ते गणितातसुद्धा क्वचित कोणी मिळवले होते. मी उदेसिंगकडे पाहिलं, उदेसिंगने अप्पांकडे, अप्पांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला.

आणि लाल मोटार पहिल्या वळणावर जाऊन भिंतीला धडकली.

"व्हस कधी कधी," उदेसिंग म्हणाला.

गायत्रीने पुन्हा सुरू केलं. मोटार पुन्हा सुसाट निघाली आणि पुन्हा त्याच भिंतीला. तिसऱ्यांदा तर वळणसुद्धा आलं नव्हतं. गायत्रीने कंट्रोलर हळूच खाली ठेवला, "थँक्यू नवनीतभाई, थँक्यू सगळ्यांना," असं म्हणाली आणि आत गेली. आतून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. रविवार उजाडायला एक रात्र होती.

लोक कुरडया हातात घेऊन, पण न चावता, एकेक करून उठले. त्या चावल्या तर आवाज होतो.

गजराबाई निरोप्याची वाट न बघता सरळ माझ्याशी बोलली. "पळाले पाहिजे, पळाले पाहिजे करी ऱ्हायन्तात ना? आते पोर पळी जाई ऱ्हायनी."

मी आत गेलो. गायत्री कपड्यांच्या घड्या करत होती. घड्या नीटनेटक्या होत्या, म्हणजे ती खरंच जाणार होती. मी शेजारी बसलो आणि खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर अंधारात उदेसिंग आमच्याच मीटरचं झाकण उघडून बघत होता.

"नाना," थोड्या वेळाने ती म्हणाली, "धीमुं होतं ना, तेव्हा मला येत होतं."

"काय येत होतं?"

"सगळं. वळण कुठे सुरू होतं ते दिसायचं. ब्रेक कधी सोडायचा ते कळायचं. मी काल पूर्ण रेस केली. एकदा पण ठोकली नाही. पहिली आले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही सगळे एवढी मेहनत करत होता."

मूल अक्षर शिकतं तेव्हा 'अ' किती सावकाश काढतं! हात वळणावर थांबतो, जीभ बाहेर येते, पेन्सिल मोडते. त्या वेळी कोणी शिक्षक त्याच्या मागे उभा राहून 'पळव, पळव' म्हणत नाही. मी तर कधीच म्हटलं नव्हतं. आणि इथे मी रोहित्र, कूलर आणि बैलाचा दलाल घेऊन नातीच्या पेन्सिलीमागे लागलो होतो.

मी नवनीतला फोन लावला. तो नुकताच घरी पोचून जेवायला बसला होता.

"नवनीत, संगणक परत हळू कर."

पलीकडे वाटी ताटात ठेवल्याचा आवाज आला. मग घास गिळल्याचा आवाज.

"गुरुजी, बोटं अजून दुखतात माझी."

"जुना प्रोसेसर परत बसव. मी अप्पांना आणत नाही."

"तसं काही करावं लागत नाही," तो म्हणाला. "इम्युलेटरच्या सेटिंगमध्ये जा. वेग किती टक्के ठेवायचा ते तिथे लिहिता येतं. जुन्याला चाळीसच्या वर जाताच येत नव्हतं. हा शंभरला पळू शकतो, म्हणून याला चाळीसला चालवता येतं, पन्नासला चालवता येतं, तुम्ही म्हणाल तिथे."

हे वाक्य मी दोनदा म्हणवून घेतलं. मग गायत्रीला बोलावलं. तिने चाळीस लिहिलं. "थ्रीऽऽऽऽ," निवेदक म्हणाला. म्हैस परत आली. लाल मोटार पहिल्या वळणावर अदबीने वळली, दुसऱ्यावर वळली, आणि मी पहिल्यांदाच टक्केवारीकडे न बघता तिच्या बोटांकडे पाहिलं. छान वळत होती.

रविवारी सकाळी योगेंद्रने फाटकासमोर हॉर्न वाजवला. लग्नाचे लाडू घेऊन तो आत आला, पाणी प्यायला, सावलीतल्या गाडीकडे हात करून म्हणाला, "चल गायत्री. ऊन चढायच्या आत सागबारा ओलांडू."

गायत्रीने पडद्यावरून डोळे काढले नाहीत. "काका, मी नाही येत. मी अजून पंचेचाळीसवर आहे."

"कसले पंचेचाळीस?"

"टक्के. शंभर झाले की फोन करते."

योगेंद्रने माझ्याकडे पाहिलं. "गुरुजी, सुट्टीतपण परीक्षा लावली का हिला?"

"छे," मी म्हणालो. "आम्ही पाया पक्का करतोय."

तो लाडू ठेवून एकटाच गेला. त्याची गाडी हायवेला लागेपर्यंत गजराबाई फाटकात उभी होती. मग ती आत आली, कूलर संगणकाच्या बाजूला ढकलला आणि पदराने घाम पुसला.

तेवढ्यात शर्यत संपली. गायत्री उडी मारून माझ्याकडे वळली. "नाना! परत पहिली! आता पन्नास करू? की एकदम साठ?"

मी विचार करत होतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या शिकवण्याच्या पद्धतीबद्दल गजराबाईने कधी चकार शब्द काढला नव्हता. त्या दिवशी तिने काढला, आणि तोही प्रमाण मराठीत.

"सेहेचाळीस करा, गुरुजी," ती म्हणाली. "आज फक्त सेहेचाळीस."